बाबांना दम लागतोय, ऑक्सिजन मात्र ९८! गोचीड चावल्याने असं होतं का?

टीपकागद

नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र असते, पण आज मदत हवी आहे.

आम्ही कनेटिकटला राहतो. आई-बाबा मे महिन्यात पुण्याहून आलेत, ऑक्टोबरमध्ये परत जातील. बाबा ७३ वर्षांचे. आल्यापासून मागचं अंगण त्यांच्याच ताब्यात आहे. मेथीचे वाफे, कारल्याचा मांडव, सगळं साग्रसंगीत. कुंपण नाही, मागे झाडी आहे. हरणं येतात आणि कारल्याचे कोंब खाऊन जातात, मग बाबा पंचा फडकावत त्यांच्या मागे झाडीत शिरतात. कितीदा सांगितलं, ऐकत नाहीत.

जुलैच्या शेवटी ताप सुरू झाला. येतो-जातो, रात्री घामाने बनियन ओला होतो. आता गेले काही दिवस दम लागतोय. जिना चढून वर आले की पलंगाच्या कडेवर बसतात, दोन्ही हात गुडघ्यांवर, आणि म्हणतात, "श्वास घेतोय पण पोचत नाहीये." खोकला नाही, छातीत दुखत नाही. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर ९८ दाखवतं. अर्जंट केअरमध्ये नेलं. एक्स-रे नॉर्मल, कोविड निगेटिव्ह. "व्हायरल असेल, शिवाय परक्या जागी या वयात अँग्झायटी होते" असं म्हणून परत पाठवलं. बाबा आणि अँग्झायटी! त्यांना पीएमपीएमएलच्या दारात लटकतानाही कधी अँग्झायटी झाली नाही.

जूनमध्ये आईने त्यांच्या गुडघ्यामागून एक गोचीड काढली होती, बारीकशी. चट्टा वगैरे काही आला नाही, म्हणून विसरून गेलो. शेजारीण म्हणते लाइम (गोचिडीतून होणारा जंतूंचा आजार) असेल. लाइममध्ये दम लागतो का?

रानवेडा

तुम्ही तर लाइमच्या माहेरीच राहता. १९७५ च्या सुमारास तुमच्याच राज्यातल्या लाइम आणि ओल्ड लाइम या गावांतल्या आयांनी तक्रार केली की एकाच रस्त्यावरच्या इतक्या मुलांचे गुडघे कसे काय सुजतात. त्यातून शोध सुरू झाला. जंतू सापडायला १९८० चं दशक उजाडलं.

चट्टा नाही म्हणून लाइम नाही असं समजू नका. साधारण ७० ते ८० टक्के लोकांनाच तो उठतो. आणि बैलाच्या डोळ्यासारखा गोल-गोल फोटोत दाखवतात तसा तर फार थोड्यांना. आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीवर नुसता तांबूस डाग असेल तर दिसतही नाही. माझा मांडीच्या मागे होता, बायकोला दिसला म्हणून कळलं.

पण मला दम वगैरे लागला नव्हता. फक्त मान आखडली आणि मरणाचा थकवा.

ओसरी

मी मॅसेच्युसेट्समध्ये हॉस्पिटलात काम करतो. उन्हाळ्यात अशा केसेस बघण्यात येतात. इथे बसून निदान करता येत नाही, पण काही प्रश्न आहेत, त्यांची उत्तरं आजच द्या.

१. लघवीचा रंग गडद झालाय का? डोळे पिवळसर वाटतात का?
२. नाडी किती आहे? खूप जलद की खूप मंद?
३. चक्कर येऊन डोळ्यांपुढे अंधारी?
४. प्लीहा काढलेली आहे का? (जुना अपघात, ऑपरेशन वगैरे.) स्टेरॉइड किंवा प्रतिकारशक्ती दाबणारं औषध चालू आहे?

का विचारतोय ते सांगतो. गोचिडीच्या आजारात दम लागण्याला एकच कारण नसतं. लाइमचा जंतू हृदयातल्या विजेच्या वायरिंगमध्ये शिरला तर वरच्या कप्प्याचा ठोका खाली पोचायला उशीर होतो किंवा पोचतच नाही. तेव्हा नाडी मंदावते, दम लागतो, माणूस भोवळ येऊन पडतो. नोंद झालेल्या लाइम रुग्णांत हे साधारण १ टक्क्याला होतं, म्हणजे क्वचितच. पण त्यात पहिल्या अंशाचा ब्लॉक काही मिनिटांत पूर्ण ब्लॉक होऊ शकतो. २०१३ मध्ये सीडीसीने (अमेरिकेची सरकारी आरोग्यसंस्था) अशा तीन अचानक मृत्यूंची नोंद प्रसिद्ध केली होती. आणि हे कळायला लागतो एक साधा ईसीजी. एक्स-रे काढला, ईसीजी काढला नाही, हे मला पटलेलं नाही.

दुसरी शक्यता रक्ताची. तीच गोचीड बॅबेसिया नावाचा परजीवी सोडते. तो मलेरियासारखाच तांबड्या पेशींत शिरून त्या फोडतो. ताप, घाम, हिमोग्लोबिन खाली, म्हणून दम.

तिसरी फुफ्फुसाची, म्हणजे आजार खूप वाढून फुफ्फुसात पाणी भरणं. तुमच्या वर्णनावरून तसं दिसत नाही, ऑक्सिजन घसरला असता. चौथी नसांची: लाइममध्ये क्वचित श्वासपटलाची नस लुळी पडते आणि माणसाला आडवं झालं की जास्त दम लागतो. गोचिडीच्या लाळेतल्या विषाने पायांपासून वर चढत जाणारा लुळेपणाही असतो, पण त्यात गोचीड अंगावर चिकटलेली असते आणि इथल्या जातींत ती काढली की माणूस बहुतेक वेळा दिवसाभरात सावरतो. लहान मुलींच्या लांब केसांत सापडते ती.

टीपकागद

लघवी गडद तपकिरी आहे, हो! आईने कालच सांगितलं, आम्हाला वाटलं पाणी कमी पितायत. नाडी ११२. प्लीहा शाबूत आहे. पण संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट घेतात, ते प्रतिकारशक्ती दाबणारंच औषध ना, बरीच वर्षं.

ओसरी

मग धागा बंद करा आणि ईआर (हॉस्पिटलचा इमर्जन्सी विभाग) गाठा. मेथोट्रेक्सेटचा आठवडी डोस यायचा असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. तिथे गेल्यावर तीन गोष्टी स्पष्ट बोला: "गोचीड काढली होती", "लघवी तपकिरी आहे", "मेथोट्रेक्सेट चालू आहे". सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), ईसीजी, लिव्हर, एलडीएच (पेशी फुटल्या की रक्तात वाढतं ते) आणि ब्लड स्मिअर होईल असं बघा. स्मिअर म्हणजे काचपट्टीवर रक्त पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघणं. यंत्राने केलेल्या सीबीसीत बॅबेसिया दिसेलच असं नाही, माणसाने डोळ्यांनी बघावं लागतं.

भारतातून आलेत हेही सांगा. मलेरियाचा संशय घेतील, घेऊ द्या. त्यासाठीही स्मिअरच करतात.

गणितमास्तर

टीपकागद, काळजी घ्या, कळवत राहा.

@ओसरी, एक अडाणी प्रश्न. रक्त कमी झाल्याने दम लागत असेल तर ऑक्सिमीटर ९८ कसं दाखवतं? आमच्या घरी कोविडपासून त्या यंत्राला देव मानतात.

ओसरी

अडाणी अजिबात नाही, निम्मा घोळ याच आकड्याने होतो. ऑक्सिमीटर टक्केवारी सांगतं, एकूण माल सांगत नाही. एसटीच्या प्रत्येक गाडीत सगळ्या सीट भरलेल्या आहेत, पण डेपोतल्या निम्म्या गाड्याच भंगारात गेल्या, तर गावात किती माणसं पोचतील? गाडी म्हणजे हिमोग्लोबिन. यंत्र फक्त "गाड्या ९८ टक्के भरलेल्या" एवढंच म्हणतं. हिमोग्लोबिन १४ वरून ८ वर आलं तरी आकडा ९८ राहू शकतो, आणि हृदय बिचारं उरलेल्या गाड्यांच्या जास्त फेऱ्या मारतं. म्हणून नाडी ११२.

सावळ्या कातडीवर ही यंत्रं ऑक्सिजन थोडा जास्त दाखवतात हेही सिद्ध झालेलं आहे. आपल्या लोकांनी ध्यानात ठेवावं.

काजूबोंडू

दोडामार्गातून लिहितोय. आमच्याकडचो माकडताप आठवला म्हणून घुसतो मधे. २०१६ सालात इकडे जोरात आला होता, त्याच्या आदल्या वर्षी पलीकडे गोव्यात सत्तरीत. काजूचा हंगाम आणि गोचिडीचा हंगाम एकच. बागेत माकड मरून पडलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी पाचोळ्यात उतरतात, आणि आम्ही बोंडं वेचायला त्याच पाचोळ्यात वाकतो. माझ्या काकाला झाला होता. एकाएकी ताप, डोकं फुटतंय असं दुखणं, डोळे लालबुंद, हिरड्यांतून रक्त. बरा झाला म्हणून उठून बसला आणि आठवड्याने परत ताप, या खेपेला बरळायला लागला. वाचला. दम मात्र त्याला लागला नव्हता.

तुमचा आजार वेगळा आहे हे कळतंय, फक्त गोचिडीला हलक्यात घेऊ नका एवढंच.

ओसरी

@काजूबोंडू, मोलाची माहिती. माकडताप हा विषाणू, १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात पहिल्यांदा सापडला. त्यावर अँटिबायोटिक चालत नाही, सांभाळून नेणं हाच उपचार. तुम्ही सांगितलं तसा दुसरा झटका १० ते २० टक्के लोकांना येतो.

संत्रीवाला

नागपूरकर. आमच्याकडे २०१८ मध्ये स्क्रब टायफसने किती हाल केले. माझ्या मित्राच्या वडिलांना ताप आणि पाचव्या-सहाव्या दिवशी असा दम की थेट व्हेंटिलेटर. डेंगी-डेंगी करत वेळ गेला. शेवटी काखेत एक काळी खपली सापडली, सिगारेटचा चटका दिल्यासारखी. तोही गोचिडीचाच ना?

ओसरी

नाही, तो माइट नावाच्या किड्याच्या पिल्लामुळे होतो, डोळ्यांना जवळपास दिसतच नाही. पण बरं झालं लिहिलंत. महाराष्ट्रात पावसाळ्यात किंवा त्यानंतर ताप आणि दम असेल तर लाइमपेक्षा स्क्रब टायफस आधी डोक्यात यायला हवा. काख, जांघ, स्तनांखाली, कमरेच्या नाडीखाली काळी खपली शोधायची. रुग्ण लाजतो, डॉक्टर कपडे बाजूला करत नाही, आणि खपली तशीच राहते. डॉक्सी (डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक) वेळेत मिळाली तर एक-दोन दिवसांत ताप उतरतो.

टीपकागद

अपडेट. सगळ्यांना उत्तर देता आलं नाही, माफ करा.

बाबा अॅडमिट आहेत. हिमोग्लोबिन ८.१. प्लेटलेट ७१ हजार. ईसीजी ठीक, नुसता जलद. रात्री एक वाजता ईआरच्या डॉक्टरबाई आल्या आणि म्हणाल्या, स्मिअरमध्ये अंगठ्या (अंगठीच्या आकाराचे परजीवी) दिसतायत, मलेरिया असावा, पुण्याहून आलेत ना? मी ओसरींचं वाचलं होतं म्हणून विचारलं, बॅबेसिया असू शकेल का. त्या थांबल्या, म्हणाल्या, सकाळी पॅथॉलॉजिस्ट बघतील. मलेरियाची झटपट टेस्ट निगेटिव्ह आली. सकाळी पॅथॉलॉजीतून फोन: बॅबेसिया, ४ टक्के पेशींत. पीसीआरही (जंतूचा जनुकीय अंश शोधणारी टेस्ट) पाठवलाय.

अॅझिथ्रोमायसिन शिरेतून आणि अॅटोव्हाक्वोन नावाचं पिवळंधमक घट्ट औषध तोंडाने. ते स्निग्ध जेवणाबरोबरच द्यायचं, नाहीतर शोषलं जात नाही. नर्सने पीनट बटर आणलं. बाबांनी त्याकडे असं बघितलं की आईने घरून डबा आणायची परवानगी काढली. आता रोज तूप-भात आणि वर पिवळं औषध. मेथोट्रेक्सेट सध्या बंद.

लाइमची पहिली टेस्टही पॉझिटिव्ह आहे, दुसरी यायची आहे. दोन्ही एकदम?

ओसरी

अभिनंदन म्हणायला विचित्र वाटतं, पण निदान झालं हे फार मोठं आहे.

हो, एकाच गोचिडीतून दोन-तीन आजार एकदम मिळतात. काळ्या पायांच्या त्या गोचिडीच्या पोटात लाइम, बॅबेसिया, अॅनाप्लाझ्मा (आणखी एक जंतू) असं एकत्र बिऱ्हाड असतं. म्हणून एक नियम: लाइमसाठी डॉक्सी चालू आहे, तरी ताप आणि घाम हटत नाही, रक्त उतरतंय, तर बॅबेसिया शोधा. डॉक्सीने बॅबेसिया मरत नाही.

४ टक्के म्हणजे लक्ष ठेवण्यासारखं. १० च्या वर गेलं किंवा फुफ्फुसं-किडनी कुरकुरायला लागली तर रक्त बदलण्याचा विचार करतात. मेथोट्रेक्सेटमुळे त्यांचा उपचार नेहमीच्या ७-१० दिवसांपेक्षा लांबू शकतो, त्याला घाबरू नका.

चांदणवेल

हा धागा वाचून रडू आलं. मला पाच वर्षांपूर्वी लाइम झाला. तीन आठवडे डॉक्सी, मग "तुम्ही बऱ्या झालात". पण ती "श्वास पोचत नाही"ची भावना राहिलीच. जांभई अर्धवट येते, खोल श्वास घेतला तरी तळ लागत नाही. टेस्ट सगळ्या नॉर्मल, आणि प्रत्येक डॉक्टरचं तेच, स्ट्रेस. शेवटी एका खासगी डॉक्टरने ऐकून घेतलं. ते म्हणतात जुनाट लाइम आणि लपलेला बॅबेसिया, छातीत लाइन (शिरेत ठेवून द्यायची नळी) टाकून सहा महिने अँटिबायोटिक द्यायचं. इन्शुरन्स देत नाही, खिशातून करायचं. ओसरी, तुम्हीही आता स्ट्रेस म्हणणार का?

ओसरी

नाही म्हणणार. तुमचा त्रास खरा आहे. उपचारानंतरही ५ ते १० टक्के लोकांना महिनोन्महिने थकवा, अंगदुखी, धूसर डोकं राहतं, त्याला वैद्यकात नावही आहे.

पण सहा महिन्यांच्या लाइनला मी हात जोडून नको म्हणेन. याची चाचणी झालेली आहे. अमेरिकेत २००१ मध्ये ३० दिवस शिरेतून आणि ६० दिवस तोंडाने औषध देऊन पाहिलं. नेदरलँड्सने २०१६ मध्ये १२ आठवडे वाढवून पाहिलं. खोट्या गोळीपेक्षा फरक पडला नाही. आणि छातीतल्या लाइनमधून रक्तात जंतू जाऊन माणसं दगावल्याच्या नोंदी सीडीसीने छापल्या आहेत.

त्यापेक्षा हे विचारा. बॅबेसियाचा पीसीआर आणि स्मिअर खरोखर कधी केलाय का? (फक्त अँटिबॉडी नको, ती जुन्या संसर्गानंतरही वर्षभर किंवा जास्त राहू शकते.) फेरिटिन (लोहाचा साठा), थायरॉइड? चालताना ऑक्सिजन? फुफ्फुसांची फुंकण्याची पूर्ण चाचणी, आडवं झोपून केलेलीसुद्धा? उभं राहिल्यावर दहा मिनिटांत नाडी किती वाढते? हे सगळं नीट असेल तर श्वासाची लय बिघडलेली असू शकते, आजारपणानंतर शरीर वर-वर, जलद श्वास घ्यायला शिकतं. त्यासाठी श्वसनाचे फिजिओथेरपिस्ट असतात. ते मनाचे खेळ नाहीत, आणि जंतूही नाहीत.

चांदणवेल

पीसीआर कधीच केला नाही. आडवं झोपून चाचणी असते हेच माहीत नव्हतं. बाकी पटलं असं म्हणत नाही, कारण इतकी वर्षं ज्यांनी ऐकलं तेच एक डॉक्टर आहेत. पण लाइनची तारीख पुढे ढकलतेय.

गणितमास्तर

ऐकून घेणं हेच त्या डॉक्टरांचं औषध आहे आणि त्याची फी जबर आहे. (हलके घ्या.)

रस्साप्रेमी

अवांतर, पण दमाशी संबंध आहे. व्हर्जिनियाला असतो. रविवारी रात्री आठला मटण हाणलं की मध्यरात्रीनंतर अंगावर गांध्या, घसा आवळणं, धाप. मसाल्याला, तेलाला, काजूला, सगळ्यांना दोष देऊन झाला. शेवटी अॅलर्जीवाल्याने विचारलं, गोचीड चावली होती का? चावली होती, पाठीवर पांढरा ठिपका असलेली. तिच्या लाळेतल्या साखरेविरुद्ध शरीर पेटतं आणि तीच साखर बोकड, गाय, डुक्कर यांच्या मांसात असते. दोन ते सहा तासांनी त्रास होतो म्हणून संबंध लक्षातच येत नाही. चिकन-मासे चालतात. काहींना दूध-तूपही सोसत नाही, माझं नशीब बरं. खिशात एपिनेफ्रिनचं पेन घेऊन फिरतो. कोंबडीचा पांढरा रस्सा शिकलोय, दुःख हलकं झालेलं नाही.

रानवेडा

गोचीड काढण्याबद्दल एक, कारण दर उन्हाळ्यात हेच दिसतं. रॉकेल, चुना, व्हॅसलीन, पेटती काडी, काही लावू नका. बारीक टोकाचा चिमटा, कातडीला अगदी टेकवून तोंडाशी पकडायची, सरळ वर ओढायची, पिळायची नाही. लाइमची पिल्लू-गोचीड दोन मिलिमीटरहूनही लहान असते, आंघोळीत बोटांनी चाचपा: काख, कानामागे, बेंबी, गुडघ्यामागे. बागेतून आल्यावर कपडे आधी ड्रायरमध्ये कडक हीटवर दहा मिनिटं, मग धुवायला. उलटं केलं तर गोचिडी धुण्यातून सहीसलामत बाहेर येतात. पॅंट-बुटांवर परमेथ्रिन फवारा, अंगाला नाही.

आणि गोचीड दीड दिवसाहून जास्त चिकटलेली वाटली तर काढल्यापासून ७२ तासांच्या आत डॉक्टरला विचारा, डॉक्सीचा एकच डोस देतात. तो लाइमसाठी.

टीपकागद

बाबा घरी आले. हिमोग्लोबिन ९.६, स्मिअरमध्ये आता १ टक्क्याहून कमी. जिना एका दमात चढले आणि वर जाऊन पहिलं वाक्य, "कारल्याला पाणी कोणी घातलं?" आम्ही झाडीपासून मागे सरकवून सगळे वाफे डेकजवळ घेतोय, मधे लाकडी चिप्सचा पट्टा. आईने पंचा लपवून ठेवलाय.

लाइमची दुसरी टेस्टही पॉझिटिव्ह, डॉक्सी चालू. व्हिजिटर इन्शुरन्सवाले "आधीपासूनचा आजार" म्हणून कुरकुरतायत, त्यांना गोचिडीची तारीख आणि प्रवासाचे शिक्के पाठवलेत. बघू.

एक प्रश्न उरलाय. ऑक्टोबरमध्ये पुण्याला भावाकडे जातील. तिकडे फॉलो-अप कसा करू?

ओसरी

छान! औषध संपल्यावर इथेच दोनदा स्मिअर करून घ्या, जायच्या आधी एक पक्कं.

पुण्यात ताप आला तर तिथला लॅबवाला अंगठ्या बघेल आणि फाल्सिपेरम मलेरिया लिहून मोकळा होईल, त्याची काही चूक नाही, त्याने बॅबेसिया पाहिलेलाच नसेल. म्हणून इथला स्मिअरचा रिपोर्ट, पीसीआर आणि शक्य असेल तर पॅथॉलॉजिस्टकडून काचपट्टीचे फोटो बाबांच्या फाईलमध्ये आणि तुमच्या भावाच्या फोनमध्येही. मेथोट्रेक्सेट परत कधी सुरू करायचं ते संधिवाताच्या डॉक्टरांना हे सगळं दाखवूनच. आणि रक्तदान बंद, बाबांचं वय गेलंच आहे, पण अंगणात तुम्हीही काम केलं असेल तर रक्तपेढीला सांगा. २०१९ पासून कनेटिकटसह १४ राज्यांत रक्ताची बॅबेसियासाठी तपासणी करायला सांगितलेलं आहे.

टीपकागद

फोटो मागवलेत. भावाला ही लिंक पाठवतेय.